बहिणीचा ट्रक
जुन्या डिझेल गाड्या सुरू करण्यात मिस्त्रींचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे त्यांनाही चांगलंच ठाऊक होतं. त्यांची धाकटी बहीण स्वतःचा जुना ट्रक चालवायची. थंडीत तो सकाळी सुरू होईना, म्हणून मिस्त्रींनी त्याला इंजिन आधी तापवणारे नवे हीटर प्लग बसवून दिले. तरी आठवड्याभरात ती ट्रक ओढून आणून पुन्हा गॅरेजच्या दारात उभी.

आत काही ड्रायव्हर चहा पीत बसले होते. त्यांच्यादेखत मिस्त्री म्हणाले, "अगं, किल्ली फिरवली की हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं असतं. तुला कुठला एवढा धीर!"

सगळे हसले.

"थांबते की रे दादा," ती एवढंच म्हणाली.

मिस्त्रींनी तपासलं, तर प्लगपर्यंत करंटच पोचत नव्हता. वायरीचा नट त्यांनी नुसता बोटांनी फिरवला होता, पान्याने आवळायचा राहूनच गेला होता. त्यांचे कान तापले. बहिणीनेही वाकून तो नट पाहिला आणि ती मुकाट्याने बाजूला झाली. तिने चार शब्द सुनावले असते, तर त्यांना बरं वाटलं असतं.

नट आवळताच ट्रक झटक्यात सुरू झाला.

"ताई, आला वाटतं धीर!" एक ड्रायव्हर म्हणाला.

मिस्त्रींनी इंजिन बंद केलं. "तिचं काही चुकलं नव्हतं. नट मीच ढिला ठेवला होता."

आता कोणी हसलं नाही.

"दादा, चालू कर ना, मला उशीर होतोय," बहीण म्हणाली.

त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली, पण तिच्याकडे बघायचं काही त्यांना जमलं नाही.