उजेडाचा ताळा

डोळ्यांच्या दवाखान्यात तिला सगळे काटेकोरबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. तिचं काम असं: रुग्णाच्या हाताच्या शिरेत रंगाची सुई द्यायची आणि तो रंग डोळ्याच्या पडद्यावरून वाहताना कॅमेऱ्याने टिपायचा. ती फिल्म डॉक्टरीणबाईंच्या कॉम्प्युटरवर उघडत नसे, म्हणून काटेकोरबाई ती दुसऱ्या प्रकारात करून द्यायची. कॅमेरा उजेडाचे आणि रंगाचे आकडे एकमेकांत मिसळून लिहायचा. ते निवडून वेगवेगळे लावायचे, मिसळलेली बटणं दोन डब्यांत भरावीत तसे. बटण हरवायचं नाही, आणि घासूनपुसून चकचकीत तर मुळीच करायचं नाही!

कारण सगळं निदान त्या उजेडावर. रंग जिथे झिरपतो तिथे पांढरा डाग दिसतो, आणि डाग जितका उजळ तितकं दुखणं मोठं. म्हणून प्रत्येक फिल्मचा ती ताळा पाहायची: आधीचा उजेड, नंतरचा उजेड, आकड्याला आकडा. "चित्र छान दिसतंय ना, मग झालं!" असं कुणी म्हटलं की तिचं डोकंच फिरायचं. "छान दिसायला हे काय लग्नाचे फोटो आहेत?"

त्या दुपारी मात्र फिल्म तिच्या थोरल्या बहिणीची होती. ताई शिवणकाम करायची. डाग वाढला असेल तर आजच लेसर, असं ठरलं होतं. तो अगदी मधोमध मारायचा, म्हणजे नजरेत कायमचा काळा ठिपका राहायची भीती. सुईत दोरा ओवणारीला हे सांगताना डॉक्टरीणबाईंचाही आवाज उतरला होता. काटेकोरबाईला कधी एकदा निकाल कळतो असं झालं. तिने फिल्मचा प्रकार बदलला आणि ताळा न पाहताच ती धाडून दिली. जन्मात पहिल्यांदा!

गेल्या वर्षी डागाचा उजेड दोनशे होता, आता दोनशे चौदा. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "वाढलाय. तयारी करा."

काटेकोरबाईने फोन ठेवला. समोर फिल्म चालूच होती. किती सुरेख, किती ठसठशीत! आणि त्या ठसठशीतपणानेच तिला टोचलं. तिने डोळ्याच्या गोलाबाहेरचा काळा कोपरा मोजला. शून्य!

शून्य कसं? हा कॅमेरा काळ्याला सोळा म्हणतो. सात वर्षं सोळाच म्हणत आलाय! तिने मूळ फाइल उघडली. कोपरा सोळा. डाग... दोनशे! जेवणाच्या सुट्टीत बसवलेल्या नव्या प्रोग्रामने शहाणपणा केला होता. त्याने सगळे आकडे ताणले होते, काळं आणखी काळं, पांढरं आणखी पांढरं.

तिने प्रोग्राममधली 'ताणा'वरची खूण काढली, मूळ फिल्मचा प्रकार पुन्हा बदलला, आणि या वेळी ताळा पाहिला. आकड्याला आकडा! मग फिल्म धाडून ती जी धावली, ती चपला टेबलाखालीच विसरून.

"मॅडम, थांबा! डाग वाढलेला नाहीये! मीच चुकले, ताळा पाहिला नाही!"

डॉक्टरीणबाईंनी लेसरच्या मशीनवरचा हात काढला. गेल्या वर्षीची आणि आताची दुरुस्त, अशा दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या, एकदा पाहिल्या, पुन्हा पाहिल्या. मग म्हणाल्या, "लेसर नको. सहा महिन्यांनी या." आणि हिच्याकडे वळून, "तुमच्याशी मी नंतर बोलते." बोलणी खायची होती, पण तिला तीही गोड लागणार होती. ती उभ्या उभ्या हुंदके द्यायला लागली.

"आता रडायला काय झालं?" ताई खुर्चीतून म्हणाली.

"माझ्या घाईपायी तुझा डोळा गेला असता गं, ताई!"

"गेला नाही ना? मग इकडे ये आधी. औषध घातलंय, मला सगळं धूसर दिसतंय." ताईने दोन्ही हात हवेत पसरले. "कुठे आहेस तू?"