पदराखालचा हात

सुई घेऊन नर्स आली, तसा आईनं काळानिळा पडलेला हात पदराखाली ओढून घेतला.

घरात पदवी घेतलेली मी पहिली, त्यामुळे दवाखान्याच्या प्रत्येक कागदावर सही माझीच. मला आईच्या कॅन्सरवर सूड उगवायचा होता. डॉक्टर ‘आता पुरे’ म्हणाले, तरी मी पुढचं औषध मागतच राहिले.

“एवढी शिकलीस, मग वाचव की,” मामा टोमणा मारायचा.

माणूस कधी थकलं, हे रिपोर्टात नसतं. मी रिपोर्टच वाचत बसले.

आई म्हणाली, “भांडण तुझं त्या रोगाशी ना, बाई? मग मार मी का खातेय?”

मी नर्सला परत पाठवलं. यापुढे फक्त वेदना कमी करायच्या, असं लिहिलेल्या कागदावर सही केली. रोगाला मी माफ केलेलं नाही. पण तो राग आता आईच्या अंगावर काढणार नाही.