भाकरीच्या काठावरचं सेउता

इंदापुरात आमच्या शेजारी एकजण राहतो, पूर्वी बोटीवर खानसामा होता. माझ्या वडिलांच्या, आबांच्या, जेवणाच्या वेळेला तो बरोबर येतो. बसण्याआधी पाण्याचा तांब्या ताटापासून लांब सरकवतो, जणू आमचं घर आता हेलकावे खाणार आहे. आजारपणानंतर आबांचं अन्नावरचं मन उडालंय. पथ्य, औषधं, वेळा सगळं मी सांभाळते. घास मात्र ते त्याच्याच हातून घेतात.

"आबा, ही भाकरी म्हंजी आफ्रिका," म्हणत तो काठाचा तुकडा मोडतो. "आन् ह्ये सेउता. बंदर आफ्रिकेच्या किनाऱ्याला, पर गाव स्पेनचं."

"मंग सातबारा कुणाच्या नावावर?"

"स्पेनच्याच की! खावा आता."

आबा हसत तुकडा तोंडात टाकतात. मी स्वयंपाकघरात उगाच भांडी आदळते.

परवा तो लग्नाला डाळजला गेला. मीही तसाच तुकडा मोडून सेउता म्हणून पुढं केला.

"तू कवा गेलतीस तितं?" म्हणत आबांनी ताट सरकवलं.

शेवटी मीच त्याला फोन लावला. तो मांडवातून सेउता सांगत राहिला, मी भरवत राहिले. आबा माझ्या हातून पोटभर जेवले; हुंकार फोनला देत होते.