गळवाल्यांच्या कट्ट्याची शेवटची भरती

नाही वं माय, नाही खाल्ला मासा. कितीक डाव इचारशीन? गळ्यात माळ हाय माह्या, दिसत नाही का तुले?

कोकणातून आल्यापासून हेच चालू हाय. शेजारची शांता रोज सकाळी भिंतीवरून डोकं काढते आन हेच इचारते. समुद्र कसा हाय, रस्ता कसा हाय, ते काही नाही. म्हनून म्हनलं, एकदाचं सगळं ब्लॉगवर लिवून टाकावं. शांताची सून वाचून दाखवीन तिले. सातवीपर्यंत शिकेल बाईचं लिवनं हाय, चुका काढू नका.

पयले सांगते गेली कायले. मास्तर म्हनजे माह्ये मालक. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. पयली नोकरी लागली ते दापोलीकडे, समुद्राच्या काठावर. मी इकडे केनवडलेच राह्यली, सासू, वावर आन दोन म्हशी घेऊन. तिकडे मास्तराले गळाचा नाद लागला. पुढे बदली होऊन घरी आले, पन नाद काही बदलून आला नाही. इकडच्या धरणावर गळ टाकून बसत. रोहू लागला की तोंड वाकडं करत. "गोड्या पान्याचा मासा म्हनजे बिनमिठाची भाजी," म्हनत.

मी म्हनो, "मंग लोणारले जा. तिथलं पानी खारं हाय."

"तिथं मासा जगत नाही."

"तुमी कोकण सोडून केनवडात जगता ना? मंग त्याले काय होते?"

घरात मासा शिजत नसे, माह्या माळेपायी. मास्तर वावरात चूल मांडत, येगळा तवा, येगळी ताटली. वर्षातून एकदा तरी म्हनत, "एक घास खाऊन पाय." मी म्हनो, "पुढच्या जन्मी."

मंग त्याइले फोनमध्ये तो कट्टा सापडला. खाऱ्या पान्यात गळ टाकनाऱ्यांचा. एक जन प्रश्न टाके, त्याच्याखाली बाकीचे उत्तरं लिवत. चार वर्षानं कोनी नवीन मानूस येये, तोच प्रश्न वाचे, आन त्याच्याखाली आपलं जोडे. काहीच हरवत नसे. फक्त एक नियम होता, आपल्या खडकाचं नाव सांगाचं नाही. म्हनून मीही गावाचं नाव सांगनार नाही. दापोलीच्या पुढे हाय, एवढं पुरे.

मास्तर रोज सकाळी मले इचारत, "आज तिथी कोनती?" मले वाटलं, म्हातारपनी देवाची आठवन झाली. कशाची आठवन बाप्पा! कोकणात तिथीच्या पाऊनपट केलं की भरतीची वेळ निघते. अष्टमी असली तं सहा वाजता. मास्तर केनवडात खाटेवर बसून साऱ्या कोकणाले भरती सांगत, आन तिथी पुरवे मी.

दोन वर्षं झाले मास्तर गेले त्याले. मी कट्ट्यावर तसं लिवलं. आन दुसऱ्या दिवशी तिथी पाहून भरतीही लिवली, आपली सवयीनं. मंग रोजच लिवत राह्यली. पन तोवर कट्टा ओस पडला होता. सारे फोनच्या ग्रुपवर गेले. तिथं सकाळी गुलाबाचं फूल येते, दुपारी कोनाच्या तरी नातवाचा वाढदिवस, आन 'खेकडा गळाले कसा लावाचा' हे कोनी इचारलं तं संध्याकाळपर्यंत सापडत नाही. काही पोट्टे तं रील काढतात, खडकासकट. दुसऱ्या दिवशी खडकावर जत्रा.

मंग दिवाळीच्या आधी कट्टा चालवनाऱ्या दिगंबरनं लिवलं, दिवाळीनंतरच्या संकष्टीले कट्टा बंद करतो, त्याच्या आधी, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सारे एकदा भेटू.

बंद होनार म्हनून मी मास्तराचं जुनं लिवनं चाळाले बसली. त्यात एक प्रश्न सापडला, लय जुना. "घरवाली माळकरी आहे. समुद्र तिने पाहिला नाही. एकदा आणायचं आहे. मासा कसा करावा, म्हणजे ती एक घास खाईल?"

त्याच्याखाली पानंच्या पानं. कोनी म्हने कोकम लावा. कोनी म्हने काटा काढून, वडी म्हनून द्या. एक म्हने, मास्तर, आधी समुद्र दाखवा. दरवर्षी कोनी ना कोनी इचारे, "वहिनींनी खाल्ला का?" आन मास्तर लिवत, "अजून नाही." शेवटचं उत्तरही तेच. "अजून नाही."

माह्या गळ्यातल्या माळेवर परके मानसं इतके वर्षं चर्चा करून राह्यले होते, आन मले पत्ता नाही. मी म्हनलं, थांबा. कट्टा बंद व्हाच्या आधी स्वतः जाऊन सांगते. नाही खाल्ला, आन खानारही नाही. प्रश्न लोंबकळत नको राहाले.

सोयाबीन रिसोडच्या बाजारात गेलं होतं, हरभरा पेरून झाला होता. भाकरी, ठेचा, भाजेल शेंगदाने बांधले. केनवडहून रिसोड जीपनं, रिसोडहून पुन्याची एसटी. बायांले अर्धं तिकीट हाय, त्याचा फायदा घ्या. दिवसभर गाडीत बसाचं हाय, खिडकीची जागा धरा आन पानी बेतानं प्या.

कंडक्टर म्हने, "कुठं निघाले आजी?"

"समुद्रावर."

"एकट्याच?"

"एकटी कायची? समुद्र हाय ना तिथं."

रात्री पुन्यात पुतनीकडे मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी दापोलीची गाडी, ताम्हिणी घाटातून. लिंबाचं लोनचं जवळ ठेवा. शेजारी दापोलीची बाई बसेल होती, मले म्हने, "तुमच्याकडे घाट नाहीत?" मी म्हनलं, "आमच्याकडे रस्ते सरळ हायत बाई, मानसंच वाकडे चालतात." दापोलीहून पुढे सहा आसनी रिक्षा भेटते. भरल्याशिवाय हालत नाही, घाई करू नका. खोली एका घरातच घेतली, हजार रुपयात, चहा धरून. भात लय देतात, भाकरी मागून घ्या.

तिसऱ्या दिवशी दिगंबर न्याले आला. मोबाइल दुरुस्तीचं दुकान हाय त्याचं. कट्टा चालू केला तवा कालेजात होता म्हने, आता डोक्यावरचे केस ओहोटीले लागले. तसं मी त्याले सांगतलंही. हसला बिचारा. सुरूच्या झाडाखाली चटई टाकेल होती, कागदी पानाचा मोठा गठ्ठा आनेल होता. आन मानूस एकच, कट्ट्यावरचा मुकादमचाचा. पांढरी दाढी, गुडघ्यापर्यंत लुंगी, हातात गळ.

"बाकीचे कुठी?" मी म्हनलं.

"ग्रुपवर सगळ्यांनी अंगठा दिलाय," दिगंबर म्हने.

चाचा म्हने, "अंगठेच आले, माणसं मागं राहिली."

तिथून समुद्र दिसे. मोठा हाय, खोटं कायले बोलू. पन जुलैतलं सोयाबीनचं वावर हवेवर हालते ना, तसाच हालते. फक्त निंदाचं काम नाही.

त्या दिवशी प्रतिपदा होती. मी सकाळी कट्ट्यावर लिवलं होतं, भरती पाऊन वाजता. बारा वाजल्यापासून मी खडकाकडे पाहात बसली. पानी चढत चढत आलं, खडकाच्या पायरीले लागलं, आन पाऊन वाजता जिथल्या तिथं थांबलं. दोन वर्षं मी लिवत होती, पाह्यलं आत्ता. घरात माह्यं कोनी ऐकत नाही, इथं एवढा समुद्र ऐकते.

दिगंबर म्हने, "वहिनी, एक सांगू? राग नको. संकष्टीला तुमची भरती बहुतेक चुकते. पाऊण तास पुढं असते."

"काहून चुकीन? संकष्टी म्हनजे चतुर्थी. चार पाऊन तीन."

"उपास चंद्र उगवतो तेव्हाच्या चतुर्थीचा. भरतीला सूर्योदयाची तिथी धरायची, ती त्या दिवशी बरेचदा तृतीया असते. मास्तर सव्वादोन लिहायचे."

चाचा म्हने, "दोन वर्षं दर संकष्टीला मी उशिरा पोचतो. पाणी उतरलेलं, मासा गेलेला."

"मंग सांगतलं काहून नाही?"

चाचा म्हने, "तुम्ही लिहिणं सोडलं असतं तर? कट्ट्यावर तेवढंच राहिलं होतं. मी उशिराच जात होतो, काय बिघडलं."

मी पिशवीतलं पंचांग काढलं आन संकष्टीपुढे 'सूर्योदय' लिवून ठेवलं.

चाचाले तांबोसा लागला, हातभर लांब, लालसर. दिगंबरनं तिथंच साफ केला, दगडाची चूल मांडली, तवा ठेवला. मिरची, हळद, कोकम. चार पानं वाढली. एक त्याचं, एक चाचाचं, एक माह्यं रिकामं, आन एक मास्तराचं, त्याच्यावर मधला चांगला तुकडा. मी माह्या पानावर ठेचा-भाकरी घेतली आन म्हनलं, "हे पाहा, सांगाले आली होती. नाही खाल्ला, नाही खानार. तुमच्या प्रश्नाचं उत्तर घ्या."

कोनी आग्रह केला नाही. चाचा म्हने, "मास्तर सांगायचेच, बाई ऐकणारी नाही." दोघांनी ठेचा मातर चाखला. दिगंबरच्या डोळ्यात पानी आलं, मी म्हनलं हीच आमच्याकडची भरती.

जेवन झाल्यावर दोघं तवा धुवाले पान्याकडे गेले. परत आले तं मास्तराचं पान साफ.

"मांजर आलं होतं," मी म्हनलं.

"इथं मांजर?" दिगंबर म्हने.

"पांढरं होतं. लय चपळ."

चाचानं वाकून पान पाह्यलं. काटे कडेले एका ओळीत लावेल होते. म्हने, "मास्तरांच्या शाळेतलं असणार."

चौथ्या दिवशी परत पुन्याले, पाचव्या दिवशी सकाळची रिसोडची गाडी. त्या दिवशी संकष्टी होती, कट्ट्याचा शेवटचा दिवसही. गाडीत पंचांग उघडून पाह्यलं, सूर्योदयाले तृतीया. लिवलं, भरती सव्वादोन. दिगंबरनं खाली लिवलं, "बरोबर." चाचानं लिवलं, "आज वेळेवर पोचतो." कट्ट्यावरचं ते शेवटचं.

तिन्हीसांजेले घरी पोचली. चंद्र उगवेपर्यंत उपास होता, तवर मास्तराचा तो जुना प्रश्न पुन्हा उघडाले गेली. पान उघडेच ना. दिगंबरनं आपल्या शब्दाप्रमानं बंद केलं होतं. आता रोज सकाळी तिथी पाह्यते आन हात फोनकडे जाते. लिवाचं कुठी? ग्रुपवर दिगंबरनं मले घेतलं हाय. तिथं भरती टाकली तं बारा गुलाब येतात, आन सव्वादोन कोनाच्या कामाचं हे कळत नाही. प्रवासाचं मानसान तं जा, समुद्र पाहा. पन कोनाले तरी भेटाले जा, नुसता समुद्र पाहून मानूस अर्ध्या तासात कंटाळते.

मास्तराच्या प्रश्नाखाली एक उत्तर टाकाचं राह्यलं माह्यं. कट्टा बंद हाय, तं इथं टाकते.

मांजर-बिंजर काही नोतं. माळ काढून पदराच्या गाठीत बांधली आन मास्तराच्या पानावरचा मासा मीच खाल्ला, सगळा. घे शांते. लय चांगला होता.