मायच्या सोबतीचे मासे

वडील गेल्यावर मी मायला चोपड्याहून माझ्याकडे जळगावला आणली. भाऊ सुरतला, त्याचं घर एका खोलीचं. आमचा फ्लॅट मोठा होता, पण आम्ही दोघंही नोकरीला जाणारे. सकाळी दार लावून आम्ही निघालो की संध्याकाळपर्यंत माय एकटी. टीव्ही तिला आवडत नसे. शेजारचं दार कायम बंद. चोपड्याला आमच्या गल्लीत सकाळपासून कुणी ना कुणी हाक मारत ओट्यावर येऊन बसायचं. इथं जिन्यात पाऊल वाजलं तरी माय दाराकडे बघायची.

तिला विरंगुळा म्हणून नवऱ्याने फिश टँक आणला. दुकानदाराने बोटाएवढेही नसलेले, निळ्या रेघेचे, लाल शेपटीचे मासे दिले. एक-दोन मागितले तर देईनाच. "हे घोळक्यातच राहतात. एकटा ठेवला तर खंगतो," म्हणाला.

टाकीत सोडल्याबरोबर सगळे मासे फिल्टरच्या मागे कोपऱ्यात जाऊन एकमेकांना चिकटून राहिले. एवढी टाकी मोकळी, पण कुणी पुढे येईना. मला वाटलं आजारीच दिले. माय खुर्ची ओढून काचेसमोर बसली.

"घाबरेल शेतस बिचारा. नवी जागा शे ना," ती म्हणाली.

हळूहळू ते बाहेर येऊ लागले. एक वळला की सगळे वळत. कुकरची शिट्टी झाली की क्षणात पुन्हा गोळा होत, आणि भीती सरली की सैल पडून आपापलं चरायला लागत. हे सगळं मला मायने सांगितलं. मी घरी आले की ती दिवसभराचं सांगायची: कोण कुणाच्या मागे लागला, कोण खाताना मागे राहिला. किती दिवसांनी तिच्याकडे सांगायला काहीतरी होतं.

मग एक मासा तरंगलेला दिसला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. नवरा दुकानात धावला. नव्या टाकीचं पाणी मुरलेलं नसतं, माशांच्या घाणीनेच ते विषारी होतं, रोज थोडं थोडं बदला, असं दुकानदाराने सांगितलं. आम्ही तसं केलं. तरी मासे जातच राहिले. माय प्रत्येकाला वाटीत काढून खाली गुलमोहराच्या मुळाशी पुरून यायची. मला हात लावू द्यायची नाही.

शेवटी एकच उरला. त्याची निळी रेघ फिकी पडली. पानाआड एका जागी थांबून राहायचा, दाणा टाकला तरी वर यायचा नाही. त्या दिवसांत मायचंही जेवण तुटलं. भाकरीचा तुकडा ताटातच राहायचा.

पाणी सुधारल्यावर आम्ही तसलेच आणखी मासे आणले. जुना दोन दिवस लांबूनच बघत राहिला. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर तो घोळक्यात इतका मिसळला होता की मला ओळखूच येईना. मी आनंदाने म्हटलं, "माय, बघ, झाला ना बरा!"

ती काचेकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "माले घर लई चाल."

"चोपड्याला? इथं काय कमी आहे गं?"

"तुनं काही चुकनं नही बेटा. पन अठे दिनभर माले कोनी हाक मारत नही. तठे मनी जेठानी शे, बठ्ठ्या बाया शेतस."

मी खूप रडले. भाऊ फोनवर चिडला, या वयात एकटी कशी राहील म्हणाला. रविवारी मी तिला चोपड्याला पोचवलं. गल्लीत शिरताच चार बायका ओट्यावरून उठल्या. माझा हात सोडून माय त्यांच्याकडे गेली.

पुढे फोनवर ती आधी विचारायची, "मासा कसा शेतस?" आणि मग माझी चौकशी. आवाजात उत्साह असायचा. मी मात्र घरी आल्यावर त्या रिकाम्या खुर्चीत बसायचे, आणि मला सांगायला कुणी नसायचं.

थंडीत, दुपारी बायकांसोबत शेंगा फोडता फोडता ती कलंडली. मी पोचले तेव्हा तिला अंघोळ घालून झाली होती. माझ्याआधी त्याच बायका तिच्याजवळ होत्या. मला त्यांचा हेवा वाटला, आणि आधारही.

दहाव्यानंतर मोठी माय, म्हणजे तिची जेठानी, माझी थोरली काकू, मला स्टँडपर्यंत सोडायला आली. बसच्या खिडकीतून माझा हात धरून म्हणाली, "आते तू येशी का इकडे?"

येईन म्हटलं. पण उन्हाळ्यात मोठ्या मायला तिच्या मुलाने नाशिकला नेलं. अजून तरी माझं चोपड्याला जाणं झालेलं नाही.