लिस्बनच्या ट्राममध्ये कानबाई

मी भित्री बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. धुळ्याच्या मुलींच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला, यजमान गेल्यावर घर एकटीने ओढलं, आणि मुलगा परदेशी नोकरीला निघाला तेव्हा त्याच्यासमोर डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. पण गेल्या श्रावणाच्या तोंडावर लिस्बनच्या विमानात बसले तेव्हा मला भीती वाटत होती. उराशी धरलेल्या पिशवीत आमची कानबाई होती, आणि मी करतेय ते बरोबर की चूक हे सांगणारं कोणी नव्हतं.

खानदेशाबाहेरच्यांना कानबाई कदाचित ठाऊक नसेल. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे ती बसते आणि सोमवारी नदीवर जाते. कानबाई म्हणजे नारळच, पण डोळे, नथ, कुंकू लावून सजवलेला, पिढ्यान्‌पिढ्या जपलेला. आमचा माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंपासूनचा आहे. नदीवर नेऊन पाण्याला लावायचा आणि पुन्हा घरी आणायचा. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्यांचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायचे, आणि ते घरच्यांनीच खायचे. बाहेरच्याला रोट द्यायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत ते संपायला हवेत. आमची भावकी केव्हाच सुरत-पुण्याला पांगली आणि त्यांनी आपापल्या कानबाया बसवल्या. माझ्या घरात पुरुषमाणूस एकच उरला, माझा मुलगा, आणि तो लिस्बनला.

आदल्या वर्षी मी त्याच्या नावाची मूठ घेतली, रोट केले आणि एकटीच खात बसले. घास उतरेना. पौर्णिमा आली तेव्हा उरलेले रोट पांझरा नदीत सोडून दिले आणि रिकामं ताट घेऊन घरी आले. त्या दिवशी मनाने घेतलं की पुढच्या वर्षी मूठ ज्याच्या नावाची त्याच्याच घरी कानबाई बसेल. मुलाला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, आई, नारळ कशाला आणतेस, फोटो लावून पूजा करू. मी त्याला असं काही सुनावलं की त्याने पुन्हा विषय काढला नाही. मग शिंदखेड्याच्या आबांना विचारलं. आबा म्हणजे माझे चुलत सासरे, घरात सगळ्यात मोठे. त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली आणि म्हणाले, "तुना जीवले इचार." परवानगी नाही आणि मनाईही नाही. सगळा भार माझ्यावरच आला. विमानतळावर तपासणीच्या बाईने पिशवी उघडली, आत नथ दिसली, तशी तिने हात जोडून पिशवी परत दिली. तेवढ्याने मला जरा धीर आला.

लिस्बन मला नवं नव्हतं. पहिल्यांदा आले तेव्हा मुलाने सुट्टी काढून गाडीतून चार दिवसांत शहर उरकलं होतं. किल्ला पाहा, उतर, फोटो काढ, चल. तरी ते शहर मनात रुतून बसलं. उभे चढ, रंगीत फरशा लावलेल्या भिंती, खिडकीतून खिडकीत बांधलेल्या दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, आणि खिडकीच्या चौकटीत कोपर टेकून गल्लीवर पहारा ठेवणाऱ्या म्हाताऱ्या. आमच्या गल्लीत नेमक्या अशाच बसतात. तेव्हाच मनाशी म्हटलं होतं की या गावात पुन्हा यायचं आणि पायी फिरायचं.

या वेळी तसंच केलं. मुलगा आणि सून कामाला गेले की मी सहावारी साडीवर धावायचे बूट चढवायची आणि निघायची. एका दिवशी एकच गल्ली. गुडघे बोलायला लागले की बाक शोधायचा, आणि चढ संपतो तिथे त्या गावात बाक असतोच, समोर नदी पसरलेली असते. तेजो नदी. पलीकडचा काठ इतका लांब की आमची पुरातली तापी आठवावी. तिथली कॉफी म्हणजे कडू जहर, पण तिसऱ्या दिवसापासून दुकानदार मला बघून स्वतःहून दूध घालायला लागला. पांढऱ्या-काळ्या दगडांच्या फुटपाथवर कुठे पाय घसरतो, ट्राममध्ये बसायला जागा हवी तर ती सुटते तिथूनच कसं चढायचं, कोणत्या देवळात (ते लोक त्याला चर्च म्हणतात, मी देऊळच म्हणते) दुपारी गारवा असतो, सगळं मला कळलं. मोठ्या चौकाच्या टोकाला दोन खांबांमधून नदीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या सापडल्या तेव्हा तर मी हसलेच. घाटच की हा! मुलगा इतकी वर्षं तिथे राहतो, पण पायऱ्या पाण्यात उतरतात हे त्याने पाहिलं नव्हतं. कानबाई सोमवारी कुठे न्यायची ते मी तिथेच ठरवलं. खरं सांगायचं तर माझा मला अभिमान वाटत होता. साठी उलटलेली खानदेशातली बाई, भाषा येत नाही, आणि परकं शहर स्वतःच्या पायांनी आपलं करून घेतलं होतं.

शनिवारी तोच अभिमान नडला. प्रवासात कानबाईचा एक चांदीचा डोळा सुटला होता. ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळ आपल्याकडच्या लोकांची दुकानं आहेत, तिथे एक सोनार बसतो असं सुनेने सांगितलं होतं. तिची रविवारची तयारी चाललेली, म्हणाली, मी येते सोबत. मी म्हटलं, काही गरज नाही, मला हे गाव तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सुटलेला डोळा कानबाईला गुंडाळलेल्या खणाच्या टोकाला बांधला, कानबाई पिशवीत ठेवली आणि ट्राम सुटते तिथेच जाऊन बसले. देवीला पायाशी ठेवायचं नाही, आणि मांडीवर पर्स होती, चामड्याची. म्हणून शेजारच्या आसनावर रुमाल घडी करून पसरला आणि खिडकीपाशी तिला बसवली. गर्दी वाढली तशी एकाने खुणेने विचारलं, पिशवी उचलता का. मी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा उभाच राहिला. समोरच्या आसनावर काळ्या कपड्यातली एक म्हातारी होती, ती हे बघत होती आणि हसत होती.

चढ चढून ट्राम वरच्या चौकात आली आणि मला भाजीच्या दुकानात गंगाफळ दिसलं. लाल भोपळा, गोल, अख्खा. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. तर रविवारी कानबाईला गंगाफळाची भाजी लागतेच, आणि तिथे सगळीकडे भोपळ्याच्या कापलेल्या फाका मिळतात. अख्ख्या गंगाफळासाठी मी आठवडाभर बाजार पालथे घातले होते. ट्राम थांबली तशी मी पर्स घेऊन उतरले आणि तडक दुकानात. दुकानदार ते कापायला निघाला तेव्हा त्याच्या हातातून ओढूनच घेतलं. काखेत गंगाफळ मारून विजयी होऊन बाहेर आले, दुसरा हात पिशवीसाठी पुढे गेला, आणि पिशवी नव्हती. ट्राम कधीच निघून गेली होती.

पायांखालची जमीन सरकणे हे मी मुलींच्या निबंधात शेकडो वेळा वाचलं होतं. त्या दिवशी कळलं. त्या गंगाफळासकट मी पुढच्या थांब्याकडे पळाले, जवळच्या वाटेने म्हणून एका गल्लीतून. तिथे ट्राम नव्हती. मागून दुसरी आली, तिच्या ड्रायव्हरला खुणा करून सांगायला लागले. नारळ कसा सांगायचा? देवी कशी सांगायची? मी डोळे, नाक, नथ दाखवत होते आणि त्याला वाटलं मला बरं नाही. मुलाला फोन करायचा तर बोट पुढे जाईना. त्याला सांगू काय, की तुझ्या नावाने बसायची ती कानबाई मी भोपळ्यासाठी ट्राममध्ये विसरले? माझ्याआधीच्या बायकांनी सांभाळली. दुष्काळात सांभाळली, घर पडलं तेव्हा सांभाळली. आणि शिकलेल्या, जगाचा नकाशा तोंडपाठ असलेल्या त्यांच्या या सुनेने घालवली. मी परत त्याच चौकात आले. ऊन भाजत होतं. चौकातल्या देवळाचं दार उघडं होतं. आत गारवा असतो हे माहीत होतं, एवढ्याचसाठी गेले.

दारातच खाली बसले. गंगाफळ फरशीवर ठेवलं आणि रडले. कितीतरी वर्षांनी, आवाज काढून. मनात म्हटलं, माय, माझी शहाणपट्टी संपली. मला तुला शोधता येत नाही. तुझी इच्छा असेल तर तूच ये, आणि यायचं नसेल तर जिथे असशील तिथे सुखात राहा. हे मी खरोखर मनापासून म्हटलं. म्हटल्यावर छातीतलं ओझं उतरलं, इतकं की माझं मलाच नवल वाटलं.

डोळे पुसून वर पाहिलं. पुढे त्यांच्या मेरीमातेच्या मूर्तीसमोर मेणबत्त्या जळत होत्या, आणि पहिल्या बाकावर काळ्या कपड्यातली ती म्हातारी बसली होती. तिच्या शेजारी बाकावर माझा रुमाल पसरलेला आणि त्यावर आमची कानबाई. मी जवळ गेले. कानबाई दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती. म्हातारीच्या अंगठ्याला अजून मेण चिकटलेलं होतं. नंतर कळलं, पत्ता काही सापडतो का म्हणून तिने पिशवी पाहिली, खणाच्या टोकाला डोळा सापडला, तो तिने मेणबत्तीच्या कोमट मेणाने जागेवर बसवला. आमच्या सासूबाईही मेणानेच बसवायच्या. मी म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवलं. ती गडबडून उठली आणि तिने मला उराशी धरलं.

मग मुलाला फोन लावला आणि तिच्या हातात दिला. तिने त्याला सांगितलं ते असं. मी उतरले ते तिने पाहिलं, पिशवी राहिली ते नंतर पाहिलं. पुढच्या थांब्यावर उतरून ती चढावरून परत चालत आली, पण मी दुसऱ्या गल्लीतून गेले होते. तेव्हा ती देवळात येऊन बसली. तिला वाटलं, आई कोणाचीही असो, तिला शोधणारं माणूस तिच्याच घरी, देवळात येईल. तिचं नाव अमेलिया. मी अक्का म्हणते.

संध्याकाळी मुलगा जमिनीवर मांडी घालून बसला आणि मी त्याच्या नावाची सव्वा मूठ गहू परातीत घेतले. तो म्हणाला, आणखी एक मूठ घे, अमेलियाआजीची. मी म्हटलं, अरे, बाईमाणसाची मूठ नसते, आणि बाहेरच्याला रोट चालत नाही, तुला माहीत आहे. हा मुलगा इतकी वर्षं माझ्याशी फोनवर पुस्तकी मराठी बोलतो. त्या संध्याकाळी त्याने आजीच्या मांडीवर शिकलेली अहिराणी काढली. "आई, जिनी आपली माय सांभाळी, ती बाहेरनी कशी?"

मी परात पुन्हा पुढे ओढली. दुसरी मूठ घेतली. रविवारी अक्का हातात निळ्या फुलांचा गुच्छ घेऊन आली, कानबाईसमोर बसली, आणि रोट, गंगाफळाची भाजी, खीर, सगळं पोटभर जेवली. या वेळी पौर्णिमेची वाट बघावी लागली नाही. रोट त्याच दिवशी संपले.

सोमवारी सकाळी आम्ही नदीवर गेलो. मला वाटत होतं, पाट माझ्या डोक्यावर घ्यावा. पण मुलाने पायांतले बूट काढले, पँट दुमडली आणि कानबाईचा पाट स्वतःच्या डोक्यावर घेतला. तो भला मोठा चौक, कामाला निघालेले लोक, परदेशी पाहुणे, आणि मधून माझा लेक अनवाणी चालला होता. मान ताठ. मागे सून आरतीचं ताट घेऊन, तिच्यामागे मी आणि माझा हात धरून अक्का. कोणी तरी टोपी काढली. खांबांमधून तो पायऱ्या उतरला, गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि त्याने तिला तेजोच्या पाण्याला लावलं.

धुळ्याला परतले तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणाल्या, कमाल केली तुम्ही, कानबाईला लिस्बनला नेऊन आणलं. जाताना मीही असंच म्हणत होते. आता म्हणत नाही. तिला लेकाच्या घरी जायचं होतं, ती गेली. वाटेत माझा हात सुटला, तरी तिचं जाणं अडलं नाही.