डावखुऱ्या गाठी

माझा मेहुणा विल्फ प्रँगनेल वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला नको ते बोलाल, आणि तो हक्क फक्त माझा.

दुसऱ्या महायुद्धात तो रडार दुरुस्त करायचा. लढाई संपली आणि ऑल्डरटनसाहेबांनी इंग्लंडातल्या आमच्या साउथएंड गावातल्या एका बंद पडलेल्या लाँड्रीत कारखाना काढला. लष्करानं भंगारात टाकलेले सुटे भाग पोत्यांनी आणायचे आणि त्यातून कॉलेजांच्या प्रयोगशाळांसाठी ऑसिलोस्कोप बनवायचे. विजेची थरथर पडद्यावर हिरव्या रेषेत दाखवणारी ती पेटी. विल्फ तिथला पहिला कामगार, भिंतींना साबणाचा वास होता तेव्हापासूनचा.

माझी थोरली बहीण ईनिड, म्हणजे त्याची बायको, रस्त्यापलीकडच्या कारखान्यात होती. तेही ऑसिलोस्कोपच बनवायचे, आणि खरं सांगायचं तर जास्त चांगले बनवायचे. ईनिड पेटीच्या पोटातल्या तारांची जुडी मेणाच्या दोऱ्यानं बांधायची. ती डावखुरी. बाकीच्या बायकांच्या गाठी उजवीकडे कलायच्या, हिच्या डावीकडे. रविवारी ओव्हनमध्ये घालायचं मांससुद्धा, भाजताना सुटू नये म्हणून, ती तशाच गाठींनी बांधायची. विल्फ सुरी हातात घेऊन म्हणायचा, "कापू का बाईसाहेब, की आधी वीज सोडून बघू?" दर रविवारी तोच विनोद, आणि दर रविवारी ती वेडी हसायची.

सत्तावन्न सालच्या वसंतात, लंडनचं उपकरणांचं प्रदर्शन तोंडावर आलेलं असताना, विल्फच्या नव्या पेटीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. दुसरा मिळेपर्यंत प्रदर्शन उठलं असतं. त्या वर्षी मोठी मागणी आली नाही तर लाँड्रीला कुलूप लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता, सगळेच कारखाने शेजाऱ्याची एखादी पेटी गुपचूप विकत आणतात आणि उघडून बघतात. तशी पलीकडची एक पेटी लाँड्रीत पडून होती. साहेबांच्या सांगण्यावरून विल्फनं तिचं आतडं-कोथळा काढून आपल्या दर्शनी पत्र्यामागे बसवलं.

"रेषा दाखव, बास," साहेबांनी बजावलं. "झाकणाला हात लावायचा नाही."

शनिवारी मी आणि ईनिड सँडविचचा डबा घेऊन प्रदर्शनाला गेलो. तिला यातलं काडीचं माहीत नव्हतं. नवऱ्याची पेटी बघायची म्हणून नवी टोपी घालून आली होती बिचारी. आम्ही पोचलो तेव्हा उत्तरेकडच्या एका कॉलेजचे डॉक्टर लम्ली पेटीसमोर उभे होते.

"रेषा छान आहे," ते म्हणाले. "आता पोट दाखवा."

"सर, नवीन आहे, जरा..." विल्फ चाचरला.

"म्हणून तर बघायचंय. झाकलेली पेटी मी घेत नाही."

ही शास्त्रज्ञ मंडळी अशीच. विल्फनं साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी छताकडे. शेवटी त्यानं झाकण काढलं.

डॉक्टर वाकले, ईनिडही वाकली. मीही पाहिलं. जुडीवरच्या सगळ्या गाठी एका ओळीत डावीकडे कललेल्या. ईनिडचा हात नकळत पुढे गेला आणि मागे आला.

"वा," डॉक्टर म्हणाले. "इतकी देखणी बांधणी मी आजवर पाहिली नाही. कोणाचा हात हा?"

आमची ईनिड अकरा वर्षं बंद डब्यांत गाठी मारत होती. आजवर कुणी विचारलं नव्हतं. ती सरळ उभी राहिली, टोपी नीट केली आणि नवऱ्याकडे बघितलं.

विल्फचे कान लाल झाले. "आमच्याच कारखान्यातल्या मुली करतात, सर," तो म्हणाला.

"त्यांना माझं कौतुक कळवा."

"कळवतो, सर."

डॉक्टरांनी तिथल्या तिथे मागणी दिली. साहेब विल्फची पाठ थोपटत होते आणि तो जमिनीत जागा शोधत होता. ईनिडनं डब्यातलं एक सँडविच काढून त्याच्या टेबलावर ठेवलं आणि "चल, नोरा" म्हणाली. शरमेनं मलाच तिच्याकडे बघवेना.

संध्याकाळी तिघं एकाच गाडीनं परतलो. "ईनिड, मी तरी काय करणार होतो?" विल्फ पुटपुटला. "कारखान्यातल्या पोरांच्या नोकऱ्या गेल्या असत्या."

"आयत्या बिळावर नागोबा," मी म्हटलं. "निदान म्हणायचं, नाव ठाऊक नाही."

"गप गं, नोरा," ईनिड म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी त्यांच्याकडे जेवायला गेले. मांस टेबलावर आलं. विल्फनं सुरी उचलली, विनोदासाठी तोंड उघडलं आणि थांबला. दोरा खाटकाचा होता, जाड, पांढरा, साध्या फासाचा.

"ही तुझी गाठ नाही," तो म्हणाला.

"आज ओळखू येतेय होय?" ईनिड बटाटे वाढत म्हणाली.

त्याच्या मानेपर्यंत लाली चढली. मान खाली घालून त्यानं दोरा कापला. लाँड्री वाचली, पुढे मोठी झाली, विल्फ तिथला मुकादम झाला. ईनिड पलीकडच्या कारखान्यात पेन्शनीपर्यंत डावखुऱ्या गाठी मारत राहिली. रविवारचं मांस मात्र त्या घरात शेवटपर्यंत खाटकानंच बांधलं.